डी५३०० साठी एकच झूम लेन्स, पंचवीस हजारांच्या आत

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई चिपळूणला राहतात. कॅमेरा निकॉन डी५३००. सोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स दोनदा पडली आणि आता तिची झूम रिंग पस्तिसाच्या आसपास अडकते. तिच्या जागी एकच लेन्स हवी आहे: घरचा गणपती, मुलीचे भरतनाट्यमचे कार्यक्रम, शिमग्याची पालखी, सुट्टीत एखादा किल्ला आणि परसात येणारे पक्षी, सगळं तिच्यातच भागलं पाहिजे. बजेट पंचवीस हजार. दीर म्हणतात १८-३०० घे, दुकानदार म्हणतो १८-१४० घ्या, आणि व्हिडिओ बघून बघून १७-५० एफ २.८ डोक्यात बसली आहे (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो).

ताई, तिघांचंही बरोबर आहे. फक्त दिरांनी त्यातलं पक्षी तेवढं ऐकलं, व्हिडिओवाल्यानं भरतनाट्यम आणि दुकानदारानं बजेट. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल: सेकंडहँड १८-१४० घ्या, उरलेल्या पैशांत ३५ एमएम एफ १.८ डीएक्स (डीएक्स म्हणजे तुमच्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठीची) बघा, आणि पक्षी यंदा सोडून द्या. एकच लेन्स मागितली आणि मी दोन सांगतोय हे कळतंय मला. पण कोल्हापुरात बावीस वर्षं लग्नं-मुंजी काढतोय, आणि उजेडात लांबवर आणि अंधारात जवळ अशी दोन्ही कामं एकाच स्वस्त लेन्सनं निभावलेली अजून बघितली नाहीत.

पैसे काढण्याआधी एक काम करा. जुने फोटो लॅपटॉपवर घ्या आणि प्रत्येक फोटोची फोकल लेंग्थ बघा, म्हणजे लेन्सच्या नावातला मिलिमीटरचा आकडा: लहान असेल तर रुंद दृश्य, मोठा असेल तर लांबचं जवळ. फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलात की दिसते. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ मोफत आहे, त्यातही दिसते. तुम्हाला आवडलेले, कुणाला तरी पाठवलेले असे शंभरेक फोटो निवडा आणि कागदावर रेघा मारत जा: १८ वर किती, मधले किती, ५५ वर किती. १८ वर ढीग असेल तर तुमची अडचण रुंदीची आहे. ५५ वर ढीग असेल तर हात रिंगेच्या टोकाला जाऊन आपटत होता, म्हणजे पुढं हवं होतं. मधेच पसरलेले असतील तर खरं तर नवीन रेंजची गरजच नाही, उजेडाची असेल. मी स्वतः कितीतरी वर्षं १८-२०० गळ्यात घालून फिरलो. एका सीझननंतर असंच मोजायला बसलो तर अल्बममध्ये गेलेले बहुतेक फोटो पन्नासच्या आतले निघाले. २०० वर काढलेलेही पुष्कळ होते, पण ते हार्ड डिस्कवरच राहिले होते.

लेन्सच्या नावातला मोठा आकडा बघून माणूस भुलतो, पण घरात कामाला येतो तो छोटा आकडा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद आहे. गणपतीच्या मखरापासून दोन मीटरवर भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिलात तर १८ वर साधारण २.६ मीटर रुंदी फ्रेममध्ये येते. मखर, दोन्ही बाजूंच्या समया आणि आरतीचं ताट धरलेले आजोबा, सगळे मावतात. २४ पासून सुरू होणारी लेन्स असेल तर तेवढ्याच अंतरावरून दोन मीटरच मिळतात आणि आजोबांचा अर्धा हात कापला जातो. म्हणून २४-१२० किंवा २४-८५ अशा फुल फ्रेमसाठी, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी बनलेल्या लेन्स स्वस्तात मिळाल्या तरी तुम्ही घेऊ नका. लेन्स वाईट नाहीत, पण डीएक्स कॅमेऱ्यावर त्यांची सुरुवातच फुल फ्रेमवरच्या ३६ सारखी होते. नावात डीएक्स पाहिजे. सिग्माची असेल तर डीसी, टॅमरॉनची असेल तर डीआय टू.

आता मुलीचं नृत्य. इथं थोडं गणित करू, कारण बहुतेकांचे पैसे इथंच चुकीच्या ठिकाणी जातात. सभागृहात रंगमंचावरचा उजेड असा धरा की आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची ताकद) ३२०० वर एफ ५.६ ला शटर १/६० सेकंद मिळतंय. १८-१४० झूम करून लांबवलीत की तिचं तोंड ५.६ पर्यंतच उघडतं. १/६० ला चेहरा स्थिर येईल, पण हस्तमुद्रा पुसट होतील आणि पायांचं तर बोलायलाच नको. एफ २.८ ची लेन्स असेल तर त्याच उजेडात १/२५० मिळतं, म्हणजे चारपट. ३५ एमएम एफ १.८ जवळजवळ दहापट उजेड आत घेते, मग शटर १/५०० च्या आसपास ठेवता येतं.

“पण तिच्यात व्हीआर आहे ना?” हे मला हमखास विचारतात. व्हीआर तुमच्या हाताची थरथर थांबवतो, मुलीचे हात नाही थांबवत. किल्ल्यावर सूर्य बुडाल्यावर तटबंदी काढायची असेल तर व्हीआरसारखी सोय नाही. नाचणाऱ्या पोरीसाठी मात्र शटरच वाढवावं लागतं. आणि एक युक्ती, जी कुठल्याही लेन्सवर चालते: मुलीच्या तालमीला एकदा जाऊन बसा. तीर्मानम (तालातली शेवटची बोलांची ओळ) संपतं त्या समेवर नर्तिका क्षणभर पूर्ण थांबते. ती सम कानात बसली की १/१२५ लाही धारदार फोटो येतो. मला हे एका नृत्य शिकवणाऱ्या बाईंनी शिकवलं, तोवर मी आंधळेपणानं बटण दाबत होतो.

३५ एमएम ला झूम नाही, म्हणून बरेच जण नाक मुरडतात. पण पाच मीटरवरून तिच्यात साधारण ३.४ मीटर रुंदी येते. पहिल्या रांगेत जागा मिळाली तर एकटी नर्तिका डोक्यापासून पायापर्यंत हातपाय पसरून छान मावते. आई आहात, पहिली रांग मिळेलच. वजन २०० ग्रॅम, पर्सच्या कप्प्यात जाते. रात्रीच्या आरतीला हीच लावा. समईच्या उजेडातले चेहरे फ्लॅश न मारता मिळतात, आणि फ्लॅश मारून मखराची वाट लावलेले फोटो मी इतके बघितलेत की त्यावर वेगळं लिहावं लागेल.

दिरांच्या १८-३०० कडे येऊ. निकॉनच्या दोन आहेत: २०१२ ची एफ ३.५-५.६, वजन ८३० ग्रॅम. आणि २०१४ ची एफ ३.५-६.३, वजन ५५० ग्रॅम. पहिली तुमच्या कॅमेऱ्याहून कितीतरी जड. दिवसभर गळ्यात घालून रसाळगड चढा आणि मग मला मानेबद्दल सांगा. दुसरी वजनाला ठीक, पण ३०० वर ६.३. डी५३०० चा ऑटोफोकस एफ ५.६ पर्यंतच्या लेन्स धरून बांधलेला आहे. ६.३ ला तो चालतो, पण सकाळच्या झाडाखालच्या उजेडात मागं-पुढं शोधत बसतो, तोवर बुलबुल उडून जातो.

बुलबुलचा हिशेबही करू. लालबुड्या बुलबुल साधारण २० सेंटीमीटरचा. दहा मीटरवर बसला तर १४० एमएम वर तो तुमच्या ६००० पिक्सेल रुंद फोटोत सातशेच्या आसपास पिक्सेल व्यापतो. ३०० वर दीड हजार. फरक आहे, नाकारत नाही. पण जवळच्या वस्तूवर फोकस केला की या सुपरझूमचा ३०० खराखुरा ३०० राहत नाही, प्रत्यक्षात कमीच भरतो. वर त्या टोकाला ती जरा मऊ, म्हणजे कमी धारदार. टॅमरॉनच्या १६-३०० आणि १८-४०० बद्दलही हेच. १६ ची सुरुवात मला मनापासून आवडते, घरातल्या समारंभात ते दोन मिलिमीटर सोन्यासारखे वाटतात, पण पैसे मात्र दुसऱ्या टोकाचे मोजावे लागतात. पक्ष्यांचा नाद खरंच लागला तर पुढच्या वर्षी ७०-३०० एएफ-पी डीएक्स बघा, ४१५ ग्रॅमची आहे. ती व्हीआर असलेली आणि नसलेली अशी दोन प्रकारांत येते. नावात व्हीआर लिहिलेलं बघूनच घ्या, बिनव्हीआरची ३०० वर हातात धरून चालवणं म्हणजे वैताग.

१८-१४० वर मी का थांबतो? २०१३ ची लेन्स, ४९० ग्रॅम, माउंट (कॅमेऱ्याला अडकणारी मागची कडी) धातूचं. डी५३०० बरोबर किटमध्ये हीसुद्धा येत असे, त्यामुळं सेकंडहँड बाजारात भरपूर दिसते, आणि पुष्कळशा कपाटात पडून राहिलेल्या असतात. शिमग्यात पालखी अंगणात नाचत असते तेव्हा १८ वर सगळी गर्दी येते आणि दुसऱ्या क्षणी १४० वर ढोल वाजवणाऱ्याचा घामेजलेला चेहरा. लेन्स बदलायला वेळ नसतो आणि गुलालात तर ती बदलूच नये. खोड एकच ठळक: १८ वर सरळ रेषा पोट सुटल्यासारख्या बाहेर येतात. मखराचे खांब, देवळाचे खांब लगेच दिसतात. कॅमेऱ्याच्या मेनूत ऑटो डिस्टॉर्शन कंट्रोल आहे, ते चालू ठेवा, जेपीईजी फोटो कॅमेराच सरळ करून देतो. दुसऱ्या कंपनीच्या लेन्सला ही सोय कॅमेऱ्यात मिळत नाही.

१८-१४० चांगल्या स्थितीत नाहीच मिळाली तर तिची थोरली बहीण १८-१०५ व्हीआर, २००८ ची, निकॉनच्या डी९० कॅमेऱ्याबरोबर यायची. माउंट प्लास्टिकचं, म्हणून किंमत आणखी कमी. प्लास्टिकच्या माउंटला लोक उगाच घाबरतात. तुटते ती बहुधा पडल्यावर, आणि पडल्यावर धातूवालीचंही आतलं काहीतरी सरकतंच. दोन्हींचा फिल्टर ६७ मिलिमीटरचा आणि हूडही (पुढं लावायचं सावलीचं कडं) एकच, एचबी-३२.

आणि तुमच्या डोक्यातली १७-५० एफ २.८? सिग्माची म्हणत असाल तर उत्तम लेन्स आहे. झूमभर २.८ कायम, ओएस (सिग्माचं व्हीआर) आहे, ५६५ ग्रॅम. मुलीचे कार्यक्रम दर महिन्याला असते तर मी माझं उत्तर उलटं केलं असतं: सिग्मा घ्या आणि १४० चा मोह सोडा. तुम्ही लिहिलंय वर्षातून दोन-तीन. तेवढ्यासाठी पालखीच्या गर्दीत पन्नासवर अडकून पडू नका. घ्यायचीच ठरली तर एक तपासा. डी५३०० बाजारात आला तेव्हा सिग्माच्या काही लेन्सचा ऑटोफोकस आणि ओएस त्यावर नीट चालत नव्हता, नंतर सिग्मानं नवं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) काढून ते दुरुस्त केलं. सेकंडहँड नग अपडेट झालेला आहे की नाही हे तुमच्याच बॉडीवर लावून बघा, विकणाऱ्याच्या बॉडीवर नाही.

एक सापळा आणखी. डी५३०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यामुळं निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर लागतात, उजेड मोजणारं मीटरही चालतं, पण फोकस हातानं करावा लागतो. तुम्हाला एएफ-एस किंवा एएफ-पी, म्हणजे आत स्वतःची मोटर असलेली हवी. एएफ-पी साठी डी५३०० चं फर्मवेअर अपडेट केलेलं असावं लागतं. डी३२००, डी५१००, डी९० वाल्यांच्या कॅमेऱ्यावर तर ती फोकसच होत नाही, हे हा मजकूर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. टॅमरॉनची जुनी १७-५० एफ २.८ निकॉनसाठी आधी बिनमोटरची आली आणि मग मोटर घालून आली. जाहिरातीच्या फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. लेन्सच्या माउंटच्या कडेला स्क्रूच्या डोक्यासारखी छोटी खाच दिसली की समजायचं, हिला बॉडीतली मोटर लागते. पुढं जायचं नाही.

सेकंडहँड म्हटलं की तुमच्या मनात धाकधूक असणार. माझीही झाली आहे. बरीच वर्षं झाली, एका दुकानातून झूम घेतली, काच आरशासारखी, एक ओरखडा नाही. खूश होऊन घरी आलो. चार दिवसांनी लग्नात चाळीस माणसांचा ग्रुप काढला. उजवीकडची सगळी लख्ख, आणि डावीकडे नवरीचे दोन चुलते नि एक आत्या पाण्यात बुडाल्यासारखे. लेन्स कधीतरी पडली होती, आतली काच तिरकी झाली होती. बाहेरून काहीच कळत नाही. तेव्हापासून वर्तमानपत्र बरोबर घेऊन जातो.

ते असं करायचं. छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला चिकटवा, कॅमेरा अगदी समोर, पानाला समांतर. १८ वर एफ ३.५ आणि ८, मग १४० वर एफ ५.६ आणि ८, असे चार फोटो. स्क्रीनवर मोठे करून चारही कोपरे एकमेकांशी ताडून बघा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर चालेल, स्वस्त झूमचा तो स्वभावच आहे. एक कोपरा किंवा एक बाजू बाकीच्यांपेक्षा वेगळी असेल तर लेन्स परत. मग मोबाइलचा टॉर्च एका टोकातून आत मारून दुसऱ्या टोकानं बघा. धुळीचे चार कण प्रत्येक लेन्समध्ये असतात, फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तिथून उठायचं, किंमत निम्मी केली तरी. लेन्स खाली तोंड करून हलवा, नळी आपोआप घसरत किती खाली येते बघा. थोडी घसरली तर हरकत नाही, पण नळीला खडखड नको. शेवटी व्हीआर चालू करून शटर अर्धं दाबा. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र एकदम स्थिरावलं पाहिजे, हिसके खाता कामा नये.

मुंबईला जाणं होत असेल तर फोर्टातल्या बोरा बाजारात जा. एकाच गल्लीत चार ठिकाणी तीच लेन्स हातात घेऊन बघता येते, भावही आपोआप उलगडतो. बॉडी आणि रिकामं कार्ड स्वतःचं न्या. ऑनलाइन जाहिरातीवरून घेताना समोर भेटून, वरच्या सगळ्या चाचण्या करूनच पैसे द्या. “कुरिअर करतो, आधी निम्मे पाठवा” म्हणणाऱ्याला नमस्कार.

आता चिपळूण म्हणून खास. तुमच्याकडच्या पावसाळ्यात लेन्सचा खरा शत्रू बुरशी. कॅमेऱ्याची फोमवाली बॅग किंवा चामड्याची केस ओल धरून ठेवते, जूनपासून तिच्यात लेन्स ठेवूच नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की पुड्या बदलायच्या. अगदी कोरडं करण्याच्या नादात तीसच्या खालीही नेऊ नका. ड्राय कॅबिनेट पुढं कधीतरी घ्या, आत्ता डबा पुरतो. आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून रिंगा फिरवा, पाच-दहा फोटो काढा.

गुलालाचं कोल्हापूरकराला विचारलंत हे बरं केलंत. झूमची नळी बाहेर येताना हवा आत ओढते, हवेबरोबर गुलालही. जोतिबाच्या यात्रेनंतर गुलाबी झालेल्या किती लेन्स मी बघितल्यात. पालखीला जाताना स्वच्छ फिल्टर लावा, लेन्सवर पातळ पारदर्शक पिशवी घाला, हूडच्या कडेला रबर बँड, पुढं गोल भोक. वेडं दिसतं, चालतं. घरी आल्यावर ओलं फडकं लावायचं नाही, गुलालाचा चिखल होऊन रिंगेच्या फटीत बसतो. आधी रबरी फुंकणीनं उडवा, मग कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, काचेला हात सगळ्यात शेवटी.

किल्ल्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दिवसा एफ ८, आयएसओ १००, आणि १८-१४० तिथं महागड्या लेन्सशेजारी लाजत नाही. ६७ चा एक पोलरायझर फिल्टर घेतलात तर पावसानंतरच्या हिरव्या उतारांवरची चकाकी कापली जाते.

उद्या मिररलेस (आत आरसा नसलेला नव्या पिढीचा कॅमेरा) घेतला तर ही लेन्स वाया जाईल का, हेही विचारलंय. निकॉनच्या झेड कॅमेऱ्यांना एफटीझेड हा जुन्या लेन्स जोडायचा ॲडॅप्टर लावून एएफ-एस लेन्सचा ऑटोफोकस चालतो, त्यामुळं लगेच भंगारात जाणार नाही. पण त्यासाठीच सेकंडहँड घ्या म्हणतोय. या माउंटमध्ये आता नव्याच्या भावानं पैसे घालू नयेत.

अडकलेल्या १८-५५ च्या दुरुस्तीवर काही खर्च करू नका, तेवढ्यात दुसरी मिळेल. फक्त ती टाकताना टोप्या काढून घ्या. मागची टोपी सेकंडहँड लेन्सबरोबर हमखास नसते आणि तुमची १८-१४० ला तशीच बसेल. पुढची ५२ ची आहे, ती ३५ एमएम ला लागते.